चीज न वितळवता कसं खाता? (घरी एक लाल चेंडू आलाय)

कुळागरातली
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारण फ्रिजमध्ये संकट बसलंय.

बहिणीचा मुलगा हॉलंडला असतो. चवथीला आला तो लाल मेणात गुंडाळलेला चेंडू घेऊन. एडाम चीज, पावणेदोन किलो! घरात आम्ही तीन माणसं, त्यातल्या सासूबाई आठवड्यातले चार दिवस शिवराक, म्हणजे शाकाहारी. आमच्याकडे चीज म्हणजे टोस्टमध्ये वितळलेलं, पिझ्झावर तारा काढणारं, नाहीतर कुणाच्या वाढदिवशी टूथपिकवर अननसाच्या तुकड्याशी लग्न लावलेलं. भाच्याने जाताना बजावलंय, "मावशी, हे किसून डोशावर घालू नको. कापून नुसतं खायचं." नुसतं म्हणजे कसं रे बाबा? त्याच्यासमोर एक फोड खाल्ली. खारट साबण. "छान आहे हां" म्हटलं आणि पाणी प्याले.

तर सांगा, तुम्हाला कुठलं चीज आवडतं आणि गॅस न पेटवता, फार तर पाच मिनिटांत, ते कसं खाता? पाककृती नकोत. लाझान्याचे दुवे देणाऱ्याला चतुर्थीच्या उरलेल्या करंज्या मिळणार नाहीत.

आलापीवाला
शीर्षक वाचून बंदिशींचा धागा समजून धावत आलो. फोंडा तालुका आणि चीज म्हटल्यावर मला केरीच्या गायिका केसरबाईच आठवणार. असो. पावणेदोन किलोची चीज म्हणजे बडा ख्याल आहे, घाई करू नका.

पोंपों_पोदेर
सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा पोंपों ऐकला की गरम पोई (गोव्याचा पाव) घ्यायची. सुरीने एका बाजूने उघडायची, आत चिजाची फोड सरकवायची, परत मिटून दोन मिनिटं पंच्यात गुंडाळून ठेवायची. पोई आतून पोकळ, तिची स्वतःची वाफ पुरते. चीज वितळत नाही, फक्त नरम येतं. बटर नको, सॉस नको. गॅस पोदेराने पेटवला, तुम्ही नाही, त्यामुळे नियमात बसतं.

निवृत्त_दूधवाला
कुळागरातली ताई, फ्रिजमधून काढून लगेच तोंडात टाकलंत ना? साबण तिथेच झाला.

तीसेक वर्षं डेअरीत काढली म्हणून सांगतो. चिजात दुधाची चरबी असते, ती थंडीत घट्ट बसते, आणि वास-चव तिच्यातच अडकलेली असते. जिभेवर ती सैल झाल्याशिवाय चव सुटत नाही. तिकडची पुस्तकं 'तासभर बाहेर ठेवा' म्हणतात, पण ते तिकडच्या खोलीचं तापमान. आपल्याकडे पंधरा मिनिटं पुरे. मे महिन्यात तर दहाच, नाहीतर चिजाला घाम फुटून वर तेल येतं. दुसरं म्हणजे पातळ कापा. बटाट्याचे काप करतो त्याहून पातळ. एडाम थोडी साय काढलेल्या दुधाचं करतात, त्यामुळे ते गौडापेक्षा घट्ट आणि कमी तुपकट असतं. म्हणूनच ते जहाजांवर लांबच्या प्रवासात टिकायचं. जाड फोड चावायला गेलात तर खोडरबर लागणारच.

आणि ते लाल मेण सोलून टाका. विचारलं नाहीत, पण विचारायला लाजणारे बरेच असतात.

मस्कतकर
>> विचारायला लाजणारे बरेच असतात

आमच्या काकांनी १९८८ साली मेणासकट खाल्लं होतं. "साल जरा चिवट आहे, पण पौष्टिक असणार" असं वर म्हणाले.

माझं आवडतं सांगतो, हसायचं त्यांनी हसा. गल्फमधून यायचा तो क्राफ्टचा निळा डबा. बाबा मस्कतला होते. त्यांची बॅग उघडली की टँग, निव्हिया आणि तो डबा. आई रविवारी दुपारी डबा उघडायची, चीज उपडं करून दोऱ्याने कापायची. हो, शिवणाच्या दोऱ्याने, कारण सुरीला चिकटतं. मारी बिस्किटावर एक चकती, वर दुसरं मारी, आणि चहा. चहात बुडवायचं नाही, घोट वेगळा. खारट चीज, गोडसर बिस्कीट, कडक चहा. आजही मडगावला कुणाकडे तो निळा डबा दिसला की मी अर्धा तास जास्त बसतो. रिकामे डबे आमच्याकडे अजून आहेत, एकात बटणं, एकात तुळशीचं बी.

पर्वरीचा_पुणेकर
मस्कतकर, भावना पोचल्या, पण ते चीज नव्हे हो. प्रोसेस्ड म्हणजे चीज वितळवून त्यात क्षार घालून पुन्हा साच्यात ओतलेलं. खरं चीज खायचं तर मुरलेलं गौडा आणा, दीड-दोन वर्षांचं. त्यात दाताखाली बारीक कण कुरकुरतात. मीठ नसतं ते, मुरताना तयार झालेले स्फटिक असतात. आणि उच्चार गौडा नाही. डच लोक 'खाउदा' म्हणतात, ख अगदी घशातून.

पोंपों_पोदेर
खाऊ द्या!! मग खाऊ द्या की त्यांना, कशाला अडवता?

आलापीवाला
वारलो.

मस्कतकर
पुणेकर, मुंबई-पुण्याहून येऊन पर्वरीत फ्लॅट घेतलेल्यांनी गोव्यात काय खावं हे सांगायचं नाही, असा ठराव पंचायतीत मांडतोय.

आणि वितळवून क्षार घालणं म्हणजे फसवणूक नाही. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये दोघांनी हे शोधलं ते उष्ण देशांत चीज पाठवता यावं म्हणूनच, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत क्राफ्टने पेटंट घेतलं. फ्रिज नसलेल्या घरात चीज पोचलं ते या डब्यामुळे. आमच्या वाड्यावर तेव्हा वीज आठवड्यातून दोनदा गायब व्हायची. तुमचं दोन वर्षं मुरलेलं खाउदा दोन दिवसांत काजूच्या बोंडवासारखं घमघमलं असतं.

पर्वरीचा_पुणेकर
फ्लॅट भाड्याचा आहे. बाकी मुद्दा मान्य.

म्हापशेकर_आजो
नातीने टाइप करून दिले आहे, चुका तिच्या.

हा लाल गोळा गोव्याला नवीन नव्हे. गोवा मुक्त झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा. त्याआधीची पाच-सहा वर्षं भारताने आर्थिक नाकेबंदी केली होती. सीमेपलीकडून भाजीपालासुद्धा बंद. तेव्हा बटाटे हॉलंडहून बोटीने यायचे, सिमेंट जपानहून, चहा सिलोनचा. त्यामुळे गंमत अशी की घरात धड कांदा नाही, आणि दुकानात विलायती डबे रचलेले. त्यांच्यात हे लाल गोळेही असत. आमच्यासारख्यांच्या घरी ते कधी आले नाहीत. वडील म्हणत, नासलेल्या दुधाला पैसे कोण मोजणार.

मी पहिल्यांदा खाल्ले ते आमच्या भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे. नाताळच्या आधी नारळ पोचवायला वडलांबरोबर गेलो होतो. भाटकारीण बाय प्रेमळ होती. 'केज खातलो मरे?' म्हणून तिने मला एक फोड दिली, आणि त्या फोडीवर कसलीशी लालसर वडी ठेवली. खारट आणि गोड एकदम. मी परत मागितली आणि वडलांनी वाटेत कानाखाली ठेवून दिली. ती लाल वडी कसली होती, ते मला आजतागायत कळलेले नाही. मुरंबा नव्हे, कापता येत होती.

शिवराक_सोमवार
आजो, फार सुंदर. नातीलाही देव बरें करूं.

एक गंभीर प्रश्न. चीज शाकाहारी असतं का? कुणी म्हणतं त्यात वासराच्या पोटातलं काही असतं. मी तर सोमवारी चीज टोस्ट खाते!

निवृत्त_दूधवाला
तुमच्या टोस्टचं बहुधा शाकाहारी असणार, पण प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा लांबवतो.

पनीर आपण लिंबू घालून फोडतो. चिजाचं दूध फुटत नाही, ते दह्यासारखं विरजून घट्ट बसतं, आणि ते बसवायला रेनेट लागतं. जुन्या पद्धतीत हे रेनेट दुधावरच्या वासराच्या चौथ्या पोटातून काढतात. हल्ली बरंचसं बुरशीपासून किंवा सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतात. भारतात बनणारं चीज साधारणपणे या दुसऱ्या प्रकारचं, पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. बाहेरून आणलेलं असेल तर लेबल वाचायचं. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोला मात्र नियमानेच वासराचं रेनेट लागतं, तिथे पर्याय नाही.

मजा पुढे आहे. पोर्तुगालमध्ये सेरा द एश्त्रेला नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज आहे. ते विरजतात रानटी काट्याच्या जांभळ्या फुलांनी! फुलं भिजवून ते पाणी दुधात. म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षं आपल्यावर राज्य केलं त्यांच्याकडे अस्सल शिवराक चीज होतं, आणि आपल्याकडे आला तो चोरिस (डुकराचं सॉसेज).

लिस्बन_रिटर्न
दूधवाले काका, ते मी खाल्लंय. पिकलेलं असलं की आतून अगदी पातळ होतं, सायीच्या दह्यासारखं. वरचा पापुद्रा झाकणासारखा कापतात आणि चमच्याने काढून पावावर घेतात. सुरी लागतच नाही. कडेला किंचित कडवट चव येते, ती त्या फुलाची. तिथे असताना दर रविवारी हेच जेवण, सोबत एक संत्रं.

कुळागरातली
अरे देवा. वासराचं पोट हे मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. चूक झाली. चेंडूची रवानगी तडक खालच्या कप्प्यात, नुस्त्याशेजारी. आता त्याला बांगड्याचा वास लागला तर कुणाला सांगू.

निवृत्त_दूधवाला
लागेल हो! चीज शेजारच्याचा वास पटकन ओढतं. आधी बटर पेपरमध्ये गुंडाळा, मग डब्यात ठेवा. प्लॅस्टिकची फिल्म घट्ट लावू नका, आत ओल धरते. आणि भाच्याला लेबल वाचायला लावा. डच भाषेत रेनेटला 'स्ट्रेमसेल' म्हणतात, त्याच्या आगेमागे मायक्रोबियल लिहिलंय का बघा.

इसवणप्रेमी
माझी पसंती हलूमी. सायप्रसचं. हे बनवतानाच याचे तुकडे तापलेल्या निवळीत (दुधातून सुटलेल्या पाण्यात) शिजवून काढतात, म्हणून तव्यावर टाकलं तरी वितळत नाही. बाहेरून तांबूस, आतून रबरी, चावताना दाताखाली चीं चीं आवाज.

श्रावणात पंधराव्या दिवशी मला नुस्त्याची स्वप्नं पडायला लागतात, तेव्हा हा उपाय: बोटभर जाड काप, पाण्यात अर्धा तास ठेवून मीठ उतरवायचं, हळद-तिखट, रवा, तव्यावर दोन्ही बाजूंनी. सोलकढी आणि भात. डोळे मिटले तर इसवण (सुरमई). गॅस पेटवला, माफी असावी.

शिवराक_सोमवार
डोळे मिटून इसवण खाणाऱ्याचा श्रावण कुठल्या खात्यात धरायचा?

इसवणप्रेमी
चालू खात्यात.

पर्र्याची_पोर
गॅसवाल्यांना बाद करा, मूळ प्रश्नाकडे या. माझं फेटा. ग्रीसचं, मुख्यतः मेंढीच्या दुधाचं, खारवणीत ठेवलेलं. ते कुस्करून पर्र्याच्या थंड कलिंगडावर. वर पुदिना आणि थोडी मिरपूड. मीठ नको, फेट्यात गावभर मीठ असतं. मार्च-एप्रिलला दुपारी हेच जेवण. आमच्या गावची कलिंगडं पूर्वीसारखी राहिली नाहीत हे वेगळं दुःख, त्याला वेगळा धागा लागेल.

मानकुराद आंब्याबरोबर मी काही लावत नाही. मानकुरादबरोबर काहीही लावणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा.

हणजूणचा_शेजारी
कडेकडेने वाचत होतो, आता राहवेना. माझं लाडकं निळं चीज. रोकफोर, गोर्गोन्झोला, कुठलंही.

घरमालक असल्यामुळे परदेशी भाडेकरू जाताना फ्रिज माझ्यावर सोडून जातात. त्यातून लागलेलं व्यसन हे. पहिल्या वेळी मी ते नासलं म्हणून फेकायला निघालो होतो, निळीहिरवी बुरशी सगळीकडे. भाडेकरूने अक्षरशः हातातून हिसकावलं. आता माझी रीत अशी: चिजाचा वाटाण्याएवढा तुकडा, त्यावर माडाच्या गुळाचा खडा. तो काळा, पिरॅमिडसारखा मिळतो तोच. उसाचा गूळ चालत नाही, तो नुसता गोड. माडाच्या गुळाला धुराची चव असते, ती या खवळलेल्या चिजाला बरोबर आवरते. मधाने खातात लोक, मला मध पाणचट वाटतो. आणि एका वेळी तीन तुकडे, बस. चौथ्याला जीभ बधिर होते.

मस्कतकर
बुरशी विकत घेऊन खाणारे आणि पावसाळ्यात चपलांवरची पुसणारे, असे दोन प्रकारचे गोंयकार.

कळंगुटची_ताई
बुरशीवरून विचारते. साध्या चिजावर पांढरे-हिरवे ठिपके आले तर? आमच्याकडे पावसात चार दिवसांत येतात.

निवृत्त_दूधवाला
घट्ट चीज असेल (चेडार, एडाम, गौडा) तर ठिपक्याभोवतीचा आणि खालचा इंचभर भाग कापून टाका, सुरी बुरशीला लावू नका, उरलेलं चालतं. मऊ चीज, किसलेलं चीज किंवा पनीर असेल तर हळहळत बसू नका, सगळंच टाका. मऊ पदार्थात ती आत कुठवर गेली ते डोळ्यांना दिसत नाही. ब्री-कॅमेम्बरची पांढरी मखमली साल मात्र मुद्दाम वाढवलेली असते, ती खातात.

बांदेलकर_नव्हे
एक ऐतिहासिक पिंक टाकून जातो. दूध फाडायला आपल्याला पोर्तुगीजांनी शिकवलं. त्याआधी हिंदू घरात दूध नासवणं पाप. पनीर, छेना, रसगुल्ला सगळं त्यांचं देणं.

ताम्रपट
हे वाक्य प्रत्येक चीजधाग्यात कसं काय उगवतं?

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, त्याचा मानसोल्लास बाराव्या शतकातला. वास्को द गामा यायला अजून साडेतीनशे वर्षं होती. त्यात तापवलेल्या दुधात आंबट घालून ते फोडायचं, कापडातून गाळून चोथा घ्यायचा आणि त्याचे गोड पदार्थ करायचे, हे स्वच्छ लिहिलंय. क्षीरप्रकार असं नावही आहे. आणि हे चालुक्य कुणी परके नव्हेत, आपले गोव्याचे कदंब त्यांचेच मांडलिक होते. बंगालमध्ये पोर्तुगीजांच्या शेजाराने छेन्याला बळ मिळालं असेल, त्यावर वाद घाला. पण 'शिकवलं' नको.

बांदेलकर_नव्हे
बरं बाबा, 'शिकवलं' मागे घेतो. पण बांदेल चीज तर त्यांचंच ना? हुगळीकाठी बांदेल ही पोर्तुगीजांची जुनी वसाहत, तिथलं नाव लागलंय. कोलकात्याच्या न्यू मार्केटात मिळतं. छोट्या चकत्या, एक साधी पांढरी, एक धुरावलेली तांबूस. भयंकर खारट आणि कोरडं. रात्रभर पाण्यात ठेवलं की जरा माणसात येतं. मग कुस्करून टोमॅटोवर. मी तिथे तीन वर्षं होतो, दर महिन्याला आणायचो. गंमत अशी की पोर्तुगीज हुगळीला चीज ठेवून गेले, आणि गोव्यात साडेचारशे वर्षं राहून एकही गावठी चीज मागे ठेवलं नाही. का, ते मला पडलेलं कोडं आहे.

पोंपों_पोदेर
पाव ठेवून गेले ना, मग झालं. चीज कुठलंही घाला.

वाळपईचा_मास्तर
मला वाटतं उत्तर हवेत आणि गुरांत आहे. इथल्या दमट उकाड्यात चीज मुरायला ठेवायचं कुठे? थंड तळघरं नाहीत, गुहा नाहीत. गावठी गाय दूध देणार दोन-तीन लिटर, त्यातलं अर्धं वासरू पिणार. उरलेल्याचं दही-ताक. आमच्या सत्तरीत दुधाचा खरा सण म्हणजे गाय व्याली की खरवस. तोही नुसता खातात, वेलची-गुळाचा, आणि त्याची मऊसर फोड मला कुठल्याही चिजाहून प्यारी. पण तो काही चीज नव्हे हे मान्य, चीक आहे. (मात्रा एका अक्षराची.)

माझं गुपित सांगतो, पण हसू नका. उकड्या तांदळाची गरम पेज, त्यावर पार्मेझान किसून. पेजेबरोबर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर खातो ना आपण, तीच खोल खारट चव या चिजात आहे. मुलीने बंगळुरूहून तुकडा आणला होता, पास्ता कोण करणार म्हणून पेजेवर घातला. आता बायको पेज केली की खिसणी काढून ठेवते. शिवराक दिवशी किसमुरीची उणीव भासत नाही.

शिवराक_सोमवार
मास्तर, वरचं रेनेटचं वाचलं नाही वाटतं.

वाळपईचा_मास्तर
आता वाचलं. शनिवारी खाईन.

कळंगुटची_ताई
थोडं अवांतर, पण भडास आहे. इथल्या एका दुकानातून 'मोझरेला' म्हणून किलोचं किसलेलं पाकीट आणलं. तीन दिवस बाहेर राहिलं तरी काही होईना, मुंगीसुद्धा फिरकेना. मागे बारीक अक्षरात पाम तेल. दुकानदार म्हणतो, "हॉटेलवाले हेच नेतात". तेव्हापासून पिझ्झा बंद. आता साधा अमूलचा क्यूब, सकाळच्या चहाबरोबर, उभ्याउभ्या ओट्याशी. चार घास, चारच मिनिटं, घरातलं कुणी उठायच्या आत. माझं सगळ्यात आवडतं चीज हेच.

मस्कतकर
ताई, धाग्याचं खरं उत्तर तुम्हीच दिलंत. पुणेकर, वाचताय ना?

पर्वरीचा_पुणेकर
वाचतोय. मीही तेच करतो, सांगत नाही एवढंच.

माझ्याकडून एक प्रायश्चित्त म्हणून: डच लोक बारमध्ये एडाम-गौड्याचे चौकोनी तुकडे मोहरीच्या तिखट चटणीत बुडवून खातात. ती नसेल तर मिस्कूटचा (कैरीच्या लोणच्याचा) खार चालतो, कैरीची फोड नको, नुसता मोहरीचा खार. उर्राक (काजूची दारू) असेल त्या दिवसांत याला तोड नाही. आणि जिरं! हॉलंडमध्ये लायडनला जिरं घातलेलं चीज करतात. साध्या एडामवर भाजलेलं जिरं भुरभुरवलं की साधारण तिथवर पोचता येतं.

दोनापावलची_सून
ब्रूनोस्ट कुणी खाल्लंय का? नॉर्वेचा प्रकार, चिजाची निवळी आटवून आटवून करतात, तपकिरी वडी होते. रंग खरवडलेल्या बासुंदीचा, चव खव्याला मीठ लावल्यासारखी. मुंबईच्या एलेफ्थेरिया या चीजवाल्यांच्या ब्रूनोस्टला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं तेव्हा हौसेने मागवलं. गरम पोळीवर पातळ पापुद्रे टाकायचे आणि गुंडाळायची. सासरे म्हणाले, "हे चीज असेल तर मग आपला पेढा काय आहे?" मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

लिस्बन_रिटर्न
थांबा थांबा. आज धागा पहिल्यापासून वाचला आणि आजोंच्या प्रतिसादावर अडकले.

आजो, तुमची ती लाल वडी म्हणजे पेराद! पेरूची कापायची वडी हो, बेकरीत मिळते ती. पोर्तुगालमध्ये चीज आणि मार्मेलादा खातात, मार्मेलादा म्हणजे क्विन्स फळाची अशीच घट्ट वडी. ब्राझीलमध्ये तर पेरूचीच असते, आणि चीज-पेरू या जोडीला ते चक्क 'रोमेउ ई ज्युलिएता' म्हणतात. तुमच्या भाटकारीण बायनी तेच केलं असणार. इंग्रजीत आपल्या पेरादला 'ग्वावा चीज' म्हणतात, त्यात चीज नसतं म्हणून आपण सगळे हसतो. पण ते चिजाच्या शेजारी बसायलाच जन्मलंय.

म्हापशेकर_आजो
वाचले. चष्मा काढून पुन्हा वाचले.

पेराद आम्ही घरी करीत होतो. दरवर्षी. माझी आई करायची, पण साखर कमी म्हणून आमचे काळपट पडायचे. त्यांचे लाल होते. म्हणून ओळखले नाही. पासष्ट वर्षे गेली.

आलापीवाला
आजो...

हणजूणचा_शेजारी
मी आत्ता स्कूटर काढतोय. पेराद बेकरीत, चीज फ्रिजमध्ये.

कुळागरातली
धागाकर्ती हजर. अहवाल सादर करते.

एक, भाच्याला लेबलचा फोटो पाठवला. मायक्रोबियल लिहिलंय! सासूबाईंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि चेंडूची बढती वरच्या कप्प्यात झाली, लोण्याच्या शेजारी.

दोन, पोई करून बघितली, उत्तम. मिस्कूटचा खार नवऱ्याला इतका आवडला की तो 'सामाजिक कारणासाठी' फेणी शोधतोय. जिरं मला आवडलं. पेजेवर आमच्याकडे पार्मेझान नाही म्हणून एडामच किसलं, ते खाली गोळा होऊन बसलं. मास्तर, तुमच्या नावाने बोटं मोडली.

तीन, काल तिन्हीसांजेला लाइट गेली. गॅसबत्तीत काय करायचं म्हणून चेंडू काढला. दूधवाल्या काकांच्या आज्ञेने पंधरा मिनिटं बाहेर ठेवला, कागदासारखे पातळ काप केले, त्यावर पेरादचे तेवढेच पातळ काप. सासूबाईंनी एक घेतला. काही बोलल्या नाहीत. दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "पेराद जरा जास्त गोड आहे, घरचं हवं होतं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे भारतरत्न. लाइट येईपर्यंत पाव चेंडू संपला, आणि साबण कुठे गेला ते कळलंही नाही.

आजो, तुम्ही म्हापशालाच असता ना? शुक्रवारी मी बाजाराला येते. डब्यात पाव किलो एडाम घेऊन येईन, पेराद तुम्ही घ्या. नातीला निरोप ठेवायला सांगा.

म्हापशेकर_आजो
नात लिहिते आहे: आजो आत्तापासून शर्ट इस्त्रीला द्या म्हणतायत. अकरा वाजता, चोरिसवाल्या बायका बसतात त्या ओळीच्या टोकाला. आणि ते विचारतायत, मेण फेकलं का? पावसात कपाटाचे खण फुगून अडकलेत, त्यांना घासायला हवंय.